नांग सेपाची अर्धी प्रार्थना

आमच्या तालिसायमध्ये दारावर कुणी थाप मारत नाही. येणारा पायरीखाली उभा राहून ‘आयो’ अशी हाक घालतो, आतून ‘ये’ म्हटलं की चपला काढून वर येतो. म्हणून त्या सकाळी थाप ऐकू आली तेव्हा मी आणि माझा नवरा आंबोय नुसते एकमेकांकडे बघत राहिलो. तव्यावर सुकी मासळी तडतडत होती, मक्याची कॉफी उकळून खाली बसत होती, मुलं नुकतीच शाळेला गेली होती. समुद्रावरचं धुकं पेजेवरच्या सायीसारखं अजून खिडकीपाशी धरून होतं.

“थाप मारतंय म्हणजे सरकारी माणूस,” आंबोय म्हणाला. “मी घरी नाही म्हणून सांग.”

“तुझा आवाज रस्त्यापर्यंत गेलाय. आता काय सांगू, तुझं भूत बोलतंय?”

दारात एक लहानखुरी बाई उभी होती. अंगात काळा झगा, कुणाचा तरी मागून आणलेला, खांद्यावरून घसरणारा. तिला मी ओळखत होते, बोलले मात्र कधी नव्हते. सांतोयची देलमा ती. सांतोय दोन महिन्यांपूर्वी कुठल्याशा दूरच्या बेटावरून आजारी होऊन परतला, तेव्हा ही त्याच्याबरोबर आली होती. खारफुटीच्या टोकाला त्याच्या आईचं ओसाड घर आहे, तिथे दोघं राहिली. नुकतीच त्याला माती दिली होती.

“इथे मेलेल्यासाठी प्रार्थना म्हणणारी बाई कुठे राहते?” तिनं विचारलं. तिची बोली डोंगराकडची, शब्द आमचेच पण चाल वेगळी. “काल पहिला दिवस होता ना? मी भात केला, कोंबडी केली. घर झाडलं, अंगण झाडलं. दुपारपासून बसून होते. कुणीच आलं नाही. म्हटलं, इथे बोलवायची रीत असेल.”

आमच्याकडे बोलवायची रीत नाही. घरात कुणी गेलं की गाव आपणहून जातं. माती दिल्यापासून नऊ दिवस दुपारी माणसं जमतात, प्रार्थना होते, मग पोटभर खाणं होतं. जिवाला वाट सापडायला तेवढे दिवस लागतात म्हणतात. आणि तेवढे दिवस घरात खराटा लावायचा नसतो. केर तसाच राहू द्यायचा, नाहीतर गेलेल्याला हाकलून दिल्यासारखं होतं, त्याच्या मागोमाग दुसरं कुणी जातं. हे आम्हाला पाळण्यात कळतं. देलमाला कोण सांगणार? पाहुणे येणार म्हणून तिनं घर लख्ख केलं. कुंपणाबाहेरून कुणीतरी तो खराट्याचा आवाज ऐकला आणि संध्याकाळच्या आत गावभर झालं, की नवऱ्याची जागा गार व्हायच्या आत बाईनं त्याला झाडून बाहेर काढलं.

अर्थात खराटा हे निमित्त. खराटा नसता तरी सांतोयच्या घरी कोण गेलं असतं, मला माहीत नाही.

मी चूल विझवली आणि तिला म्हटलं, “चल, मी दाखवते.”

आंबोय मागून पुटपुटला, “सांतोयसाठी नांग सेपाकडे नेतेस? अख्ख्या गावात दुसरं कुणी सापडलं नाही तुला?”

दुसरं कुणी नव्हतंच. आणि त्याच्या म्हणण्याचा अर्थ मलाही कळत होता.

नांग म्हणजे थोरली बहीण. सेपाचं खरं नाव होसेफा, पण ते फक्त बाप्तिस्म्याच्या वेळी वापरलं असावं. लहानमोठ्या सगळ्यांची ती नांग सेपा. पहाटे ती चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून, केळीच्या पानात गुंडाळून, लांबट वळकट्या वाफवते आणि टोपलीतून घरोघर विकते. एका सकाळपुरते तांदूळ आदल्या संध्याकाळी भिजत घालायचे, त्यापुढचं काही घरात ठेवायचं नाही, ही तिची जन्मभराची सवय. कुणी म्हणालं, अगं दोन दिवसांचा तरी साठा ठेव, तर म्हणायची, “ठेवलं की घुशी येतात. शिवाय उद्या अजून माझ्या दारात आलेला नाही. आला की त्यालाच विचारीन, काय खाणार.”

तिचा नवरा लांबच्या जहाजावर गेला आणि परतला नाही. जहाज बुडालं नाही, तोही मेला नाही, नुसता आला नाही. बायकांनी पुष्कळ अर्थ काढले, नावंही घेतली. सेपा ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “त्याला लहानपणापासून दिशाच कळत नव्हत्या.” बायका तोंडावर हात धरून हसायच्या. सेपाही हसायची, पण ती काही विनोद करत नव्हती.

ज्या वर्षी मोठं वादळ आलं त्या वर्षी आम्ही सगळे देवळात गोळा झालो होतो. पत्रे उडताना रडल्यासारखे आवाज येत होते. सेपा बाकावर झोपलेली. तिची मैत्रीण लोलिंग, देवळासमोर दुकान चालवणारी, हिनं तिला गदागदा हलवलं. “सेपा, छप्पर गेलं तुझं.”

“गेलं तर गेलं. मी काय धरून बसणार होते?” म्हणून सेपानं कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी ते छप्पर लोलिंगच्याच अंगणात सापडलं, जवळजवळ धड. लोलिंग अजून म्हणते की देवानं पाठवलं खरं, पण पत्ता चुकला, आणि त्या पत्त्याच्या चुकीत माझे टोमॅटो गेले.

या दोघी मिळून आमच्या गावाचा मृत्यू सांभाळतात. घरातल्या प्रार्थनेत जपमाळ झाली की जुनी गाणी असतात, दोन बाजूंनी म्हणायची. एक बाजू कडवं उचलते, मेलेल्याच्या वतीनं दार उघडायला सांगते. दुसरी बाजू उत्तर देते. पहिली बाजू सेपाची, आवाज सुतासारखा बारीक, तुटेल तुटेल वाटणारा आणि न तुटणारा. दुसरी लोलिंगची. तिचा आवाज धुक्यात होडीवरून शंख फुंकावा तसा. उत्तराची बाजू सबंध पाठ असलेली गावात आता लोलिंगच उरली आहे. आम्ही धाकट्या तिच्यामागून ओठ हलवतो एवढंच. माझे सासरे गेले तेव्हा डोळे मिटून मी त्या दोन आवाजांच्या मध्ये बसले होते, आणि मला वाटलं होतं की वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पडतंय आणि कुणीतरी त्यांना हळूहळू पलीकडे नेतंय.

आता सांतोयचं सांगायला हवं.

आमच्या देवळात पवित्र मरियेची जुनी मूर्ती होती. अंग लाकडाचं, चेहरा आणि हात हस्तिदंताचे, वर्षानुवर्षं मेणबत्त्यांच्या उजेडात राहून दुधावर मध सांडल्यासारखा रंग आलेला. तिचे केस खरे होते. नवस बोललेल्या बायकांचे केस तिला चढवायची आमच्याकडे पद्धत आहे. सेपा एकोणीस वर्षांची असताना तिची आई तापानं फणफणली, तेव्हा सेपानं गुडघ्यापर्यंतची वेणी बोलली. आई उठली. वेणी माउलीच्या डोक्यावर गेली, आणि तेव्हापासून माउलीला सणाला न्हाऊमाखू घालायचं, झगा चढवायचा, केस विंचरायचे, हे काम सेपाकडे आलं. आपलेच केस दुसरीच्या डोक्यावर विंचरताना तिला काय वाटत असेल, असं मी लहानपणी खांबाआडून बघत असे. तिचे स्वतःचे केस हळूहळू पांढरे होत गेले. माउलीचे काळेभोर राहिले. बघणाऱ्याला क्षणभर कळायचं नाही, यातली आई कोण आणि लेक कोण.

एका सकाळी मूर्तीला डोकं नव्हतं. हातही नव्हते.

सांतोय तेव्हा घंटा वाजवायचा, पूजेच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असायची. त्याच आठवड्यात तो नावेत बसून निघून गेला, कुणाला न सांगता. एवढंच आम्हाला माहीत आहे. तेव्हाही एवढंच माहीत होतं, आजही एवढंच. पण मधल्या वर्षांत सांगता सांगता गोष्ट भरत गेली. कुणी त्याला शहरात नव्या बुटांत पाहिलं, कुणी त्याच्या पिशवीत काहीतरी गोल पाहिलं. पाहणारे कोण, ते विचारलं तर नेहमी दुसऱ्याच गावचे निघायचे.

डोक्याबरोबर सेपाचे केस गेले. आणि माउलीच्या कानातले सोन्याचे डूल गेले, ते लोलिंगच्या आईनं मरताना वाहिलेले. पुढे लाकडाचं डोकं आणि हात बसवले. रंगवणाऱ्यानं भुवया जरा वर काढल्या, त्यामुळे माउली तेव्हापासून कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारखी बघते. लोलिंग त्या चेहऱ्याकडे बघतच नाही, खाली पायांकडे बघून प्रार्थना करते. सेपा लाकडी डोक्यालाही तसाच झगा घालते, तशीच ओढणी सारखी करते. केसांबद्दल कुणी हळहळलं तर म्हणते, “दिल्यावर माझे कुठे होते?”

तर अशा बाईकडे मी देलमाला घेऊन गेले.

सेपा अंगणात पानं पुसत बसली होती. वाफेच्या आड तिचा चेहरा दिसत होता, जात होता. देलमानं तेच सगळं पुन्हा सांगितलं, भात, कोंबडी, खराटा. सांतोय हे नाव आलं तेव्हा सेपाचा हात पानावर थांबला. वाफ दोघींच्या मधून वर गेली. मी बदामाच्या झाडाकडे बघत उभी राहिले.

“त्याला काय आवडायचं खायला?” सेपानं विचारलं.

देलमा गोंधळली. “हेच,” ती टोपलीकडे बोट दाखवत म्हणाली. “आजारात सारखा मागायचा. म्हणायचा, गावात एक नांग आहे, तिच्या हातचं. मला तसं जमायचं नाही.”

सेपानं दोन वळकट्या उचलून तिच्या ओंजळीत ठेवल्या. “आज दुपारी तीनला येते. खराट्याचं मनाला लावून घेऊ नकोस, तुला कुणी सांगितलं नाही. आता मात्र तो उलटा करून दाराआड ठेव, नऊ दिवस हात लावू नकोस. आणि इंदाय,” हे मला, “तू ये, जपमाळेला उत्तर द्यायला. गाण्याचं लोलिंग बघेल.”

लोलिंगनं मात्र बघितलं नाही.

“मी?” ती मिठाच्या बरणीचं झाकण लावत म्हणाली. “माझ्या आईच्या डुलांवर जो माडी प्यायला, त्याला स्वर्गाचं दार मी उघडून देऊ? तुला कळतंय का सेपा, काय मागतेस ते?”

“दार तू नाही उघडायचंस. ते उघडणारा वेगळा आहे. तू नुसतं गायचंस.”

“वा. आणि ती बाई? लग्न लागलंय का दोघांचं? माती ओली असताना झाडझूड करते. मी असते तर लाजेनं समुद्रात गेले असते.”

“तुला पोहता येतं, तू परत आली असतीस,” सेपा म्हणाली. दुकानातल्या दोघीतिघी हसल्या. लोलिंग हसली नाही.

त्या दुपारपासून आम्ही तिघी बसायला लागलो. खारफुटीच्या टोकाचं ते घर भरतीला जवळजवळ पाण्यावर असतं. खांबांवर उभ्या फळ्यांच्या जमिनीच्या फटींतून खाली पाणी चमकतं आणि त्याचा उजेड छपराच्या आतल्या बाजूला हलत राहतो. त्या हलत्या उजेडात सांतोयचा एक जुना फोटो, एक मेणबत्ती, बशीत सेपानं आणलेली वळकटी. जपमाळ सेपा म्हणायची, उत्तरं मी आणि देलमा द्यायचो. मग सेपा गाणं उचलायची. तिचं कडवं संपायचं आणि ती थांबायची. लोलिंगला जितका वेळ लागला असता तितकाच वेळ, अगदी शेवटचा सूर लांबतो तेवढासुद्धा. त्या वेळात खालून पाण्याचा आवाज यायचा, खेकडे चिखलात चालायचे, लांब कुठेतरी होडीचं इंजिन सुरू होऊन बंद पडायचं. मग सेपा पुढचं कडवं घ्यायची.

देलमाला वाटलं, म्हातारी शब्द विसरते. तिनं मला हळूच विचारलं. मी सांगितलं की मधली बाजू दुसरीची असते.

“मग याच का नाही म्हणत दोन्ही?”

सेपानं ऐकलं. “आपणच हाक मारायची आणि आपणच ओ द्यायची, हे बरं दिसतं का? ती जागा तिची आहे. ती भरून टाकली तर तिनं यायचं कुठे?”

“पण मग तो अर्ध्यातच राहील ना?” देलमा म्हणाली. “त्याला पोचायचं होतं. आजारपणात सारखं म्हणायचा, मला तालिसायला पोचव. त्यासाठीच आलो आम्ही.”

सेपानं तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि पान पुसावं तशी त्यावरून बोटं फिरवत राहिली. “अगं, चिमणीचं पिल्लू घरट्यातून पडलं तर ज्याला कळतं, त्याला सांतोय कळणार नाही? तो पोचला. जेवला असेल, झोपलाही असेल. तू आता त्याच्या पोचण्याची चिंता सोड.”

मी म्हटलं, “नांग, तुला खरंच काय वाटतं? त्यानंच नेलं का?”

तिनं छपरावरच्या उजेडाकडे पाहिलं. “मला विचारशील तर इंदाय, मी पहिली काही वर्षं रोज न्याय केला त्याचा. पानं पुसता पुसता. एक दिवस फाशी, एक दिवस माफी, परत फाशी. तांदूळ करपायचे. मग म्हटलं, ज्याचं काम त्याला करू दे, त्याला सगळं दिसतं. मला एवढं दिसतं की पाणी आटलं की भात लागतो.”

दुपारी जाताना दिसायचं की कुंपणापलीकडे बायका उभ्या आहेत. येत कुणी नव्हतं, पण जातही नव्हतं. लोलिंग येत नाही म्हणून त्याही यायच्या नाहीत, एवढं साधं होतं ते. ती आली असती तर त्यांना उशीर झाल्यासारखं वाटून त्या धावत आल्या असत्या. आंबोयनं एकदा मासळी पाठवली, “देलमाला म्हणून, सांतोयला म्हणून नाही,” असं बजावून. सेपा म्हणाली, मासळीला काय फरक कळतो.

त्या रविवारी देवळात मिस्सेच्या प्रार्थनेला पाखरांचं वचन वाचलं गेलं, पेरणी न करता पोट भरणाऱ्या पाखरांचं. फादरनी सेपाकडे बघून थोडं हसून घेतलं, कारण त्या वचनाला गावात सगळे तिचंच वचन म्हणतात. लोलिंग पुढच्या बाकावर होती, लाकडी माउलीच्या पायांकडे बघत. बाहेर पडताना दोघी एका दारातून निघाल्या, खांद्याला खांदा लागला, बोलल्या नाहीत. कितीतरी वर्षांत मी त्यांना असं न बोलता चालताना पाहिलं नव्हतं. सेपाची टोपली मात्र रोज लोलिंगच्या दुकानावरून जायची. लोलिंग रोज एक वळकटी घ्यायची आणि ती दुपारपर्यंत तशीच, पानातून न सोडलेली, फळीवर पडलेली असायची.

नवव्या दिवशी सकाळी मी साबण घ्यायला दुकानात गेले होते. धुकं अजून उठलं नव्हतं, त्यामुळे सेपा आधी नुसती टोपली आणि मग माणूस अशी दिसली. तिनं वळकटी फळीवर ठेवली, पण रोजच्यासारखी पुढे गेली नाही. दुकानापुढच्या बाकावर बसली आणि टोपली पायाशी ठेवली.

“आज शेवटचा दिवस,” ती म्हणाली.

“मला बोटं मोजता येतात,” लोलिंग म्हणाली.

“हो, माहीत आहे.”

लोलिंगनं मीठ एका बरणीतून दुसऱ्या बरणीत ओतलं, त्याची गरज नसताना. मग म्हणाली, “तू एकदा सांग मला, सेपा. मोकळेपणानं सांग की त्यानं नेलं नाही. तुझ्या शब्दावर मी येते.”

“मला कसं माहीत असणार?”

“मग नेलं म्हण. निदान तेवढं तरी म्हण.”

“तेही माहीत नाही.”

“मग तू गातेस तरी कुणासाठी? चोरासाठी की साधूसाठी?”

“सांतोयसाठी. त्याचं एवढंच नाव मला माहीत आहे.”

लोलिंगचा हात नकळत कानाकडे गेला, भोक पडलेल्या पण रिकाम्या पाळीकडे. आईचे डूल गेल्यापासून तिनं कानात दुसरं काही घातलेलं नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

“माझ्या आईला मी काय तोंड दाखवू?” ती म्हणाली. आवाजात शंख नव्हता. “ती वर विचारेल, माझे डूल नेले त्याच्यासाठी गायलीस म्हणून.”

“तुझी आई गेली तेव्हाही आपण दोघीच गायलो होतो,” सेपा म्हणाली. “तिला तुझा आवाज आवडायचा. शेजारी सांतोय ऐकतोय म्हणून ती कान झाकून घेणार आहे का?”

“तू घाबरतेस का त्याच्यासाठी? अर्ध्या गाण्यानं अडेल म्हणून?”

“नाही गं. त्याची काळजी मला नाहीच. त्याला बघणारा आहे.” सेपानं पायाशी पडलेलं बदामाचं पान उचललं, उलटसुलट केलं, परत खाली ठेवलं. “मी कडवं म्हणते आणि थांबते. त्या थांबण्यात रोज मला तू दिसतेस, इथे, या बरण्यांमध्ये एकटी. ते मला बघवत नाही.”

धुक्यातून कुणीतरी सायकल हाकत गेलं, घंटी तेवढी ऐकू आली. लोलिंगनं बरणीचं झाकण हातात धरलं होतं, ते ती लावतही नव्हती आणि ठेवतही नव्हती.

सेपा उठली, टोपली कमरेवर घेतली.

“आज तीन वाजता देलमाच्या घरी ये, आणि तुझी बाजू म्हण,” ती म्हणाली. “एवढंच मागते.”